कै. सौ. वत्सलाबाई

फ्लेक्स घेऊन रिक्षा आली तेव्हा दानीएल घरात नव्हता. असता तर त्याने ती गुंडाळी गेटबाहेरच ताब्यात घेतली असती आणि पुढचं काही झालं नसतं, निदान त्या दिवशी तरी. पण गेटजवळ त्याचे वडील, देवराम, उभे होते.

"पारधे ना? बघून घ्या काका," रिक्षावाला म्हणाला. "नाव चुकलं असंल तर आत्ताच सांगा. एकदा चौकात लागला की लोक हसतात."

त्याने फ्लेक्स ओट्यावर उलगडला. वरच्या बाजूला पुढाऱ्यांच्या तोंडांची रांग होती. मध्ये वत्सलाबाईंचा फोटो, निळ्या साडीतला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रथम पुण्यस्मरण. कै. सौ. वत्सलाबाई देवराम पारधे.' उद्याची, रविवारची तारीख होती, सकाळची वेळ होती आणि जेलरोडवरच्या एका लॉन्सचं नाव होतं. देवळाचं, म्हणजे चर्चचं, नाव कुठेच नव्हतं. शेवटी 'विनीत' म्हणून दोन नावं होती. 'दिनेशभाऊ पारधे आणि सौ. हर्षालीताई पारधे.'

देवरामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. फोटोत वत्सलाबाईंच्या कपाळावर कुंकू होतं. गोल, ठसठशीत, रुपयाएवढं.

"नाव चुकलंय," ते म्हणाले.

"कुठलं?"

"सगळीच."

रिक्षावाल्याने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे. "मला फक्त पोचवायला सांगितलंय काका," असं म्हणून तो निघून गेला.

देवरामांनी फ्लेक्स फरफटत आत नेला. पुढच्या खोलीत त्यांची थोरली बहीण बायडाबाई लसूण सोलत बसली होती. भावजयीच्या वर्षाच्या उपासनेसाठी ती कालच गावाहून, देवळ्याहून, आली होती. सून हर्षाली मोबाईलवर कोणाशी तरी बोलत होती. सासऱ्यांच्या हातात काय आहे ते दिसल्याबरोबर तिने फोन ठेवला.

"हे काय आहे?" देवराम म्हणाले.

"अप्पा, मी सांगते. बसा आधी."

"बसत नाही. उद्या उपासना आहे. पाळकसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगून आलोय. मग हे लॉन्सवर काय आहे?"

हर्षाली खाली बघत म्हणाली, "पाळकसाहेबांना यांनी पुढच्या रविवारचं सांगितलंय. परवाच. तुम्हाला आज सांगणार होतो."

बायडाबाईला वाचता येत नव्हतं. ती पुढे सरकून फोटो बघत होती. "काय लिव्हलंय रे?"

"कै. वत्सलाबाई."

"कै म्हंजी?"

"कैलासवासी."

"कैलासावर कशाला जाईल ती? तिला थंडी सोसत नव्हती. नाताळात दोन दोन स्वेटर घालून बसायची." मग तिने कपाळावर बोट ठेवलं. "आन हे कोणी लावलं? मेलेल्या बाईला?"

कुंकू हर्षालीला तेव्हाच दिसलं. लॉन्सचं तिला माहीत होतं. 'कै.' माहीत होतं, त्यावर ती नवऱ्याशी थोडी भांडलीही होती आणि मग गप्प बसली होती. हे माहीत नव्हतं. ती वाकली आणि फोटोकडे बघत राहिली. गेल्या वर्षी याच कपाळावर ती ओला रुमाल फिरवायची. शेवटी शेवटी सासूला बोलता येत नसे. रुमाल थांबला की ती नुसती भुवई उचलायची, म्हणजे अजून फिरव. त्या कपाळाची प्रत्येक सुरकुती हर्षालीला ठाऊक होती. इथे सुरकुत्याही नव्हत्या. कॉम्प्युटरवाल्याने पुसून टाकल्या होत्या.

"हे मला माहीत नव्हतं अप्पा," ती म्हणाली.

"बाकीचं होतं ना?"

तिने मान डोलावली.

दानीएल आला तो घाईत. एकलहऱ्याजवळ त्याचा राखेच्या विटांचा कारखाना होता. कपड्यांवर बारीक करडी धूळ होती. तिथल्या वीज केंद्रातून निघणारी तीच राख देवरामांनी नोकरीभर अंगावर घरी आणली होती. त्यांना ती कधी विकावीशी वाटली नाही. मुलाने तिच्या विटा पाडल्या.

दारातच त्याला फ्लेक्स दिसला.

"कोणी उघडला?"

"दिनेशभाऊ कोण?" देवरामांनी विचारलं.

"अप्पा, आत्ता नको. पक्षाचे तात्या यायला निघालेत."

"आपल्या घरात दिनेश नाही कोणी. मी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभा राहून पोराचं नाव दानीएल सांगितलं होतं. तुझ्या आईने निवडलं होतं. सिंहांच्या गुहेत टाकला तरी प्रार्थना न सोडणारा म्हणून."

"सिंहांना मतं नव्हती अप्पा," दानीएल म्हणाला.

बायडाबाईला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. देवरामांना मात्र त्या उत्तराचा राग आला. दानीएलने ते पाहिलं आणि बोलून घेतलं.

"नीट ऐका. महापालिकेला आपला प्रभाग महिला राखीव झालाय. तिकिटासाठी हर्षालीचं नाव वर गेलंय. चार नावांतून दोन उरलीत आणि तात्या आज घर बघायला येतायत. ही बाई गेली पाच वर्षं गल्लीत राबतीय. चेंबर तुंबलं की हिला फोन. कोणाची सासू पडली की हिला फोन. ते काम चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग तिने निवडून यायला पाहिजे की नको?"

"यावं. हर्षाली पारधे म्हणून यावं. दानीएलची बायको, वत्सलाची सून म्हणून यावं. आईच्या कपाळाला रंग फासून नाही."

"ते कुंकू मी नाही सांगितलं. दुकानवाल्याने टाकलं. त्याच्याकडे बायांच्या फोटोला टाकतातच."

"तुला दिसलं?"

दानीएलने शर्टवरची धूळ झटकली. "दिसलं."

"मग?"

"मग म्हटलं असू दे. काय बिघडतं? 'कै.'चं पण तेच. आता कैलास कोणाला आठवतो? मेलेलं माणूस एवढाच अर्थ राहिलाय."

"कुंकवाशी माझं भांडण नाही," देवराम म्हणाले. "शेजारच्या वत्सला... शेजारच्या मीनाबाई लावतात. शोभतं त्यांना. त्यांचा धर्म आहे, त्यांचं कपाळ आहे. पण हिने लावलं नाही. लग्नानंतर देवळ्याला गेलो तेव्हा बायांनी हिला विहिरीवर विचारलं, तुझा नवरा मेला का गं? ही हसून सांगायची, माझा नवरा जिवंत आहे आणि माझा देव पण जिवंत आहे. जन्मभर मोकळं कपाळ घेऊन फिरली ती. आणि तू ते एका दिवसात भरून टाकलंस. तिला नाही म्हणता येत नाही तेव्हा."

चुकून आलेलं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी ते उचललं नाही.

तेवढ्यात रूथ आली. देवरामांची धाकटी मुलगी, दवाखान्यात सिस्टर होती, ड्यूटी संपवून तशीच पांढऱ्या बुटांत आली होती. तिने फ्लेक्स वाचला, बूट न काढताच भावासमोर उभी राहिली.

"उद्या प्रभुभोजनाचा रविवार आहे हे तरी आठवतंय का तुला? आणि त्याच वेळेला तू लॉन्सवर पुलाव वाटणार?"

"तू पण सुरू कर."

"करणारच. देहाचं ऐकायचं की आत्म्याचं, एवढंच आईने आपल्याला शिकवलं. संडे स्कूलला सगळ्या कॉलनीच्या पोरांना शिकवलं आणि घरातलंच राहिलं."

"आत्म्याचं," दानीएल म्हणाला. त्याचा आवाज आता चढला. "लहानपणापासून ऐकतोय. अप्पांना बढती नाही मिळाली, आत्मिक व्हा. क्वार्टरमध्ये पाणी नाही आलं, वरच्या गोष्टींकडे मन लावा. शाळेत मला बाटग्या म्हणून मारलं, रडत आलो, तर आईने काय केलं? माझ्याबरोबर गुडघे टेकले आणि त्या पोरांसाठी प्रार्थना केली. त्या पोरांसाठी, रूथ. माझं नाक फुटलं होतं. वरच्या गोष्टींकडे बघत बघत आपली मान वाकडी झाली. खाली सगळं दुसऱ्यांनी वाटून घेतलं."

हे खोटं नव्हतं. रूथलाही ते माहीत होतं, कारण त्या दिवशी नाकाला बर्फ तिनेच धरला होता. ती म्हणाली, "आईने तुला जवळ पण घेतलं होतं, दानी."

"नंतर," दानीएल म्हणाला.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

तात्या एकटेच आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चप्पल दारात व्यवस्थित काढलेली. दानीएलने त्यांची खुर्ची अशी लावली की भिंतीवरचा क्रूस त्यांच्या पाठीमागे यावा. हर्षालीने ते पाहिलं. फ्लेक्स अजून जमिनीवरच पसरलेला होता, त्याला ओलांडून तिने पाणी आणलं.

"झकास झालाय," तात्या फ्लेक्स बघत म्हणाले. "मावशींचा फोटो छान आलाय. काका, तुमचं दुःख मोठं आहे. माझी आई गेली तेव्हा मी दोन महिने बैठकीला गेलो नव्हतो."

देवरामांनी मान हलवली. माणूस खरं बोलत होता असं त्यांना वाटलं, आणि त्याचाही राग आला.

"वहिनी, तुमचं काम बोलतं," तात्या हर्षालीकडे वळले. "मागच्या गल्लीतल्या बायका माझ्याकडे येऊन सांगून गेल्या, हर्षालीताई नसत्या तर आम्ही अजून त्या नाल्यातूनच चाललो असतो. मी वर सांगितलंय, हेच नाव."

लग्न झाल्यापासून ती दानीएलची बायको होती, पारध्यांची सून होती, चर्चच्या मंडळीत कोणाची तरी वहिनी होती. गेल्या पाच वर्षांत लोक तिला तिच्या नावाने हाक मारायला लागले होते. तिला ते हवं होतं. नवऱ्यासाठी नव्हे, घरासाठी नव्हे. तिला स्वतःला ती खुर्ची हवी होती, आणि ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतही नाही.

"मग उद्या पूजा किती वाजता ठेवलीय?" तात्यांनी विचारलं. "मला पुढे सिन्नरला जायचंय."

दानीएल म्हणाला, "दहाला या. सव्वादहापर्यंत आटपू."

"कसली पूजा?" देवराम म्हणाले.

"अप्पा," दानीएल म्हणाला.

देवरामांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. ते उठणार होते. उठून ते काय बोलले असते ते सगळ्यांना कळत होतं. पण त्यांच्याआधी हर्षाली बोलली.

"पूजा नाही तात्या. उपासना आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत."

दानीएलने डोळे मिटले.

तात्या मात्र दचकले नाहीत. ते हसले, अगदी प्रेमाने. "ते मला माहीत नाही का वहिनी? सगळ्या प्रभागाला माहीत आहे. तुमच्या नाताळचा केक माझ्या घरी दरवर्षी येतो. त्याचं काही नाही. लोकांना माहीत असणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं. तुम्ही फक्त सांगू नका. एवढंच. कोणी विचारलं तरी हसून सोडून द्या. घरात तुम्ही काय करता ते कोण बघायला येतंय?"

खोलीत लसणाचा वास होता. बायडाबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली होती.

हर्षालीला वाटलं होतं की असा माणूस काहीतरी मोठं, वाईट मागेल आणि मग नाही म्हणणं सोपं जाईल. त्याने काहीच मागितलं नव्हतं. सोडून द्या, एवढंच. तिने खाली पाहिलं. पायाशी सासूचं तोंड होतं, गुळगुळीत, कुंकू लावलेलं, ओळखीचं नसलेलं. हिलाही कोणी काही विचारलं नव्हतं. हिच्यासाठी दुसऱ्यांनीच सोडून दिलं होतं. निवडून आल्यावर आपलाही असाच फोटो कुठेतरी लागेल, आणि तेव्हा आपण जिवंत असू.

"कोणी विचारलं तर मी सांगणार," ती म्हणाली. "न विचारता घोषणा नाही देणार. पण विचारलं तर सांगणार. आणि उद्याचा कार्यक्रम देवळात आहे, पाळकसाहेबांना मी तसं कळवते. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. समोर बसा."

"देवळात मला बसता येणार नाही वहिनी. फोटो निघतात हल्ली सगळीकडे."

"मग नका येऊ."

तात्यांनी उरलेलं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला. "विचार करा. संध्याकाळपर्यंत फोन करा. तुमच्याबद्दल आदर आहेच." दारात चप्पल घालताना ते दानीएलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिनेशराव, समजूत काढा."

गाडी गेली. दानीएल परत आत आला.

"तुला कळतंय का तू काय केलंस?"

"कळतंय," हर्षाली म्हणाली. "तुमच्याआधी कळलंय."

"पाच वर्षं."

"माझी पाच वर्षं. तुमची नाहीत. चेंबरमध्ये वाकून मी बघितलंय." तिचा आवाज फुटला. "मला हवं होतं ते. तुमच्यापेक्षा जास्त हवं होतं. आता माझ्याशी कोणी बोलू नका." ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

दानीएल बापाकडे वळला. "झालं समाधान?"

"झालं," देवराम म्हणाले. आता ते उभे राहिले. सकाळपासून तोंडात धरलेलं सगळं बाहेर आलं. "सुनेला जे कळलं ते पोटच्या पोराला कळलं नाही. उद्या देवळात येऊ नको तू. तिथे दानीएलची जागा आहे, दिनेशची नाही. तुझ्या आईच्या उपासनेला तुझी गरज नाही. तुला खुर्ची पाहिजे ना? लॉन्सवर खूप आहेत, पांढरी कव्हरं घातलेल्या. तिथे जाऊन बस. एकटा बस."

दानीएलचं तोंड राखेसारखं झालं. तो किल्ली उचलून बाहेर गेला.

"देऊळ तुमच्या मालकीचं नाही अप्पा," रूथ म्हणाली.

देवरामांनी तिच्याकडे वळून पाहिलं. आल्यापासून ती त्यांच्या बाजूने होती. "तू त्याची बाजू घेतेस?"

"आईने त्याला कधी हाकललं नसतं."

"आईला मध्ये आणू नको."

"मी आल्यापासून सगळे तिलाच मध्ये आणतायत. तुम्ही पण." तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. "उद्या प्रभुभोजनाची भाकर कशी घेणार तुम्ही? भावाशी मन मोडलेलं असलं तर आधी जाऊन मिटव, मग मेजाजवळ ये. हे तुम्हीच मंडळीचे पंच असताना लोकांना सांगायचा. भांडणाऱ्या दोन घरांना तुम्ही भाकरीविना मागे बसवलंय."

"मी खोटं बोललो काय? एक शब्द खोटा दाखव."

"एक बी नाय," बायडाबाई म्हणाली. तिने लसणाचं ताट बाजूला केलं. "समदं खरं बोलला. पण देवराम, बोलताना तुला गोड लागत होतं. मी तोंड बघत व्हते तुझं. वत्सला गेल्यापासून पहिल्यांदा जेवल्यावानी दिसलास."

"अक्का..."

"पोराला खुर्चीची हाव शे. तुझी हाव काय शे ते तू बघ. मी अडाणी बाई, मला देहाचं आन आत्म्याचं एवढं कळत नाय. पण ज्यानं पोट भरतं ते देहाचंच, नाय का?"

देवराम खाली बसले. त्यांना बहिणीचा राग आला, मुलीचा आला. वत्सला असती तर ती काही बोलली नसती, नुसता चहा आणून ठेवला असता, आणि त्यांचा राग चहाबरोबर उतरला असता. तिच्या गप्प राहण्याला ते जन्मभर आपलं शहाणपण समजत आले होते. हा विचार त्यांना नवा होता आणि तो त्यांना आवडला नाही. ते पुन्हा उठले.

दानीएल गेटच्या आत मोटारसायकलवर बसून होता. गाडी सुरू केली नव्हती. हातात किल्ली होती.

देवराम येऊन गेटमध्ये उभे राहिले.

"मी तुझ्यावर रागावलोय," ते म्हणाले. "तो राग आज जाणार नाही. दिनेशबद्दल बोललो ते मागे घेत नाही. देवळाचं बोललो ते घेतो."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या ये."

"कोण म्हणून?"

"ते मी कशाला सांगू? तुला नाव आहे."

दानीएल जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे अप्पा, ती पोरं आज मला दिनेशभाऊ म्हणतात. ज्यांनी नाक फोडलं ती. समोरून उठून खुर्ची देतात. तुम्हाला नाही कळायचं ते."

"कळतं."

"नाही कळत."

"बरं, नाही कळत." देवरामांना हे म्हणायला जड गेलं. "मी दुसऱ्या बाकावर जागा धरीन."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर सगळे भाकर घ्यायला उठतील तेव्हा मी उठणार नाही. बसून राहीन."

"सगळी मंडळी बघेल."

"बघू दे."

"धमकी देताय मला?"

"नाही रे," देवराम म्हणाले. "माझी अडचण सांगतोय."

दानीएलने किल्ली घातली आणि किक मारली. गाडी लागली नाही. त्याने दुसऱ्यांदा मारली, जोरात, दात ओठ खाऊन. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. त्याने गिअर टाकला, पुढचं चाक देवरामांच्या चपलेपर्यंत आणलं आणि हॉर्न वाजवला.

देवराम गेटमधून हलले नाहीत.